नाव न घेता धरलेला चोर

जॉन कार्टर पुस्तकं विकायचा. जुनी, दुर्मीळ, हौशी श्रीमंत लोक काचेच्या कपाटात ठेवतात तसली. १९०५ सालचा जन्म, ईटन आणि केंब्रिजमधलं शिक्षण, १९२७ पासून स्क्रिबनर या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या लंडन शाखेत नोकरी. असा माणूस मिल्टन-शेलीच्या आवृत्त्यांत रमला असता तर कुणालाच नवल वाटलं नसतं. पण ग्रंथसंग्रहाच्या नव्या वाटा दाखवणारा एक लेखसंग्रह त्याने १९३४ साली संपादित केला आणि त्यात स्वतः लिहिलं ते रहस्यकथांवर.

रहस्यकथा तेव्हा सगळेच वाचत होते. मंत्री वाचत, पाद्री वाचत, प्राध्यापक झोपण्यापूर्वी वाचत. पण ती जपून ठेवायची, तिची पहिली आवृत्ती कुठली हे शोधायचं, बांधणीचा रंग टिपून ठेवायचा, हे त्यांना हास्यास्पदच वाटलं असतं. कार्टर मात्र पूर्ण गांभीर्याने सांगत होता की पो किंवा कॉनन डॉइल यांच्याही पलीकडे बघा. 'वॉटर्स' या टोपणनावाने १८५६ साली निघालेल्या, गुप्त पोलिसाच्या आठवणी म्हणून खपवलेल्या पुस्तकासारखी पुस्तकं बघा. पिवळ्या पुठ्ठ्यात बांधलेली ही स्वस्त पुस्तकं रेल्वे स्टेशनांवरच्या दुकानांत विकली जायची. माणूस गाडीत बसला की वाचायचा आणि उतरताना बहुधा तिथेच सोडून जायचा. म्हणून मोठ्या कवीची पहिली आवृत्ती पैसे टाकले की मिळते, आणि हे पुस्तक पैसे टाकूनही मिळत नाही. ज्याचं वाचन जास्त, त्याचा मागमूस कमी. पुढे हॉवर्ड हेक्राफ्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९४६ साली रहस्यकथेवरच्या समीक्षालेखांचा जाडजूड संग्रह काढला, त्यात कार्टरचं हे संग्रहपुराण सन्मानाने घेतलं.

कार्टरचं म्हणणं मला पटवून द्यायला लागलं नाही, कारण मी बेळगावात वाढलो. १८४८ साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय हे आमच्या गावाचं भूषण. पण रहस्यकथांचा खरा संसार चालला तो गल्लीबोळातल्या भाड्याच्या लायब्ऱ्यांमधून. आमची लायब्ररी गणपत गल्लीच्या आतल्या बाजूला होती. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. मालकांना सगळे अण्णा म्हणत, त्यामुळे मीही इथे तेवढंच म्हणतो. समोर लाकडी फळीचं टेबल, त्यावर लांबट रजिस्टर, डिपॉझिटचा पत्र्याचा डबा. मागे छतापर्यंत बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिलेला हा माणूस मूळचा चंद्रकांत सखाराम चव्हाण, हे मला फार नंतर कळलं. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड असे त्यांचे कप्पे होते. खालच्या फळीवर गुरुनाथ नाईक, आणि अगदी कोपऱ्यात गो. ना. दातारांच्या 'इंद्रभुवनगुहा', 'कालिकामूर्ती' वगैरे म्हाताऱ्या कादंबऱ्या, ज्यांचं मूळ इंग्लंडातल्या रेनॉल्ड्स या कादंबरीकाराकडे जातं. उजव्या भिंतीला कन्नड पुस्तकं होती. तिथला राजा एन. नरसिंहय्या. चौथीपर्यंत शिकलेल्या या लेखकाने शेकड्यांनी पत्तेदारी, म्हणजे हेरांच्या, कादंबऱ्या लिहिल्या. बाहेर रस्त्यावर कोणत्या भाषेची पाटी कुठे लावायची यावरून डोकी फुटत होती, आणि आत दोन्ही भाषांतले खुनी एकाच ट्यूबलाइटखाली नांदत होते.

अण्णांची बांधणी बघण्यासारखी असे. छापखान्यातून आलेलं पातळ पुस्तक ते आल्या आल्या उचकटत. कडेने आरीने भोकं पाडून दोऱ्याचे जाड टाके घालत, वर राखाडी पुठ्ठा आणि पाठीला खादीची पट्टी. मैद्याची खळ स्वतः शिजवायचे आणि तिच्यात मोरचूद घालायचे, म्हणजे झुरळं आणि वाळवी लागत नाही. या टाक्यांमुळे पुस्तक पुरतं उघडत नसे, ओळीच्या सुरुवातीची दोन अक्षरं शिवणीत जायची. ती आपण अंदाजाने भरायची. इतकं करूनही शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानांचा जुडगा, गळायचाच. मुखपृष्ठाला पुठ्ठ्याचा आधार असतो, शेवटच्या पानावर मात्र सगळ्यांचे अधीर हात पडतात.

तर अशी शेवट नसलेली पुस्तकं अण्णांनी फेकली नाहीत. ती निम्म्या भाड्याने जायची. पुस्तक हातात घेतलं की अण्णा रजिस्टरातून मान वर न करता म्हणायचे, "शेवट नाही खरं त्यात. ऐकून जा. भाच्यानं केलाय खून. विष सुपारीत होतं." आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये. गंमत अशी की खुनी कोण हे ऐकूनही लोक पुस्तक न्यायचे. मीही न्यायचो. रहस्यकथा एकदा वाचली की संपली, असं तिला नाक मुरडणारे म्हणतात, त्यांनी अण्णांच्या दुकानात एक संध्याकाळ काढायला हवी होती. भाच्याने केलं हे माहीत असताना वाचताना लेखकाने कुठे लपवलं आणि कुठे फसवलं ते दिसायला लागतं. वाचकाचा अभ्यासक व्हायला तिथून सुरुवात होते.

आता कार्टरच्या मोठ्या कामाकडे येतो. रहस्यकथेवरचा तो लेख ज्या साली आला त्याच साली, १९३४ मध्ये, त्याने ग्रॅहम पोलार्ड या दुसऱ्या तरुण ग्रंथविक्रेत्याबरोबर आणखी एक पुस्तक छापलं. त्याचं नाव इतकं कंटाळवाणं की मुद्दाम ठेवल्यासारखं वाटावं: एकोणिसाव्या शतकातील काही पुस्तिकांच्या स्वरूपाची चौकशी. पुस्तकाचा रोख होता टॉमस जेम्स वाइज याच्याकडे. वाइज म्हणजे इंग्लंडातला सर्वांत नामांकित ग्रंथसंग्राहक. त्याच्या सूच्या प्रमाण मानल्या जायच्या, त्याने खरं म्हटलेलं पुस्तक खरं.

एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या प्रेमकवितांची एक पुस्तिका होती. 'रेडिंग, १८४७' असं तिच्यावर छापलेलं. या कविता सर्वांसमोर आल्या १८५० मध्ये, म्हणजे त्याआधी मित्रमंडळींपुरत्या छापलेल्या या चोपड्याला सोन्याचा भाव. अशा पन्नासेक पुस्तिका बाजारात हिंडत होत्या: टेनिसन, स्विन्बर्न, रस्किन. यातली युक्ती फार हुशारीची आहे. एखाद्या खऱ्या पहिल्या आवृत्तीची नक्कल केली, तर कुणीतरी खरी प्रत शेजारी ठेवून फरक दाखवतो. इथे नक्कल नव्हतीच. जी आवृत्ती कधी निघालीच नाही तीच छापून काढली होती. ताडून बघायला जगात दुसरी प्रत नाही.

कार्टर आणि पोलार्ड यांचा मुख्य भर कवितांवर नव्हता. त्यांनी कागद प्रयोगशाळेत दिला. इंग्लंडात १८६१ पर्यंत छपाईचा कागद चिंध्यांचा असायचा. मग स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या एस्पार्टो गवताचा कागद सुरू झाला, आणि रासायनिक प्रक्रिया केलेल्या लाकडाचा लगदा आला तो १८७४च्या सुमारास. 'रेडिंग, १८४७'च्या कागदात तो लगदा निघाला. दुसरा धागा टाइपाचा. त्या पुस्तिकांतल्या 'एफ' आणि 'जे' या अक्षरांचा बाहेर झुकणारा भाग छाटलेला होता. तसा टाइप १८८० नंतरचा, आणि त्याच्याबरोबर वापरलेलं प्रश्नचिन्ह दुसऱ्याच टाइपातलं होतं. त्या परक्या प्रश्नचिन्हाने त्यांना छापखान्याच्या दारात नेऊन उभं केलं: रिचर्ड क्ले आणि मंडळी. छापखान्याच्या त्या काळातल्या वह्या मात्र नष्ट झालेल्या होत्या.

आणि तिसरा पुरावा होता तो न सापडलेल्या गोष्टींचा. एवढ्या पुस्तिका, पण एकीवरही कवयित्रीच्या हातची सही नाही. कुणा मैत्रिणीला प्रेमपूर्वक दिल्याचा उल्लेख नाही, त्या काळची बांधणी नाही. सगळ्या कोऱ्या करकरीत. मला हा भाग सगळ्यांत आवडतो. पुस्तक पन्नास वर्षं माणसांत राहिलं आणि त्याला चहाचा डाग नाही, हे शक्य आहे का? अण्णांकडचं कुठलंही पुस्तक घ्या. हळदीचं बोट, बसचं तिकीट, पान ४२वर पेन्सिलीने 'हा नाही' असं लिहिलेलं. त्या पुस्तकाच्या खरेपणाबद्दल कुठलं न्यायालय शंका घेणार नाही.

दुकान बंद झालं तेव्हा अण्णांनी रद्दीवाल्याला बोलवण्याआधी मला बोलावलं. तेव्हापासून एक मोठा ढीग माझ्या माळ्यावर आहे आणि सवडीने मी त्याची यादी करतोय. बऱ्याच पुस्तकांवर प्रकाशनाचं साल नाही. प्रकाशकांना साल छापायची धास्ती, पुस्तक शिळं दिसतं. मग कार्टरची शिस्त मराठीत वापरायची. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नवे पैसे' असेल तर १९५७ ते १९६४च्या मधलं. १९६४ साली 'नवे' गेलं आणि नुसते पैसे राहिले. प्रकाशकाचा पत्ता 'मुंबई ४' असेल तर जुनं, 'मुंबई ४०० ००४' असेल तर १५ ऑगस्ट १९७२च्या नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवसापासून. 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' अशी न उच्चारली जाणारी टिंबं भरभरून असतील तर १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं असण्याचा संभव. संभव म्हणतोय, कारण जुने जुळारी हाताला लागलेली टिंबं नियम बदलला म्हणून एका रात्रीत टाकत नाहीत.

यातला प्रत्येक पुरावा एकाच दिशेने चालतो, ही गोष्ट कार्टरने शिकवली. नवा कागद जुन्या सालात जाऊ शकत नाही. जुना कागद मात्र नव्या सालात खुशाल येतो. सहा आकडी पिनकोड असलेलं पुस्तक १९७०चं असणं अशक्य. 'मुंबई ४' असलेलं पुस्तक १९७५चं असू शकतं, कारण छपाईचा ब्लॉक जुना असेल तर कोण बदलतो.

याची बेळगावी आवृत्ती माझ्या ढिगातच सापडली. एका पुस्तकावर सहा आकडी पिनकोड, आणि आतल्या पानावर लायब्ररीचा जांभळा शिक्का: 'बेळगांव, म्हैसूर राज्य'. आता बघा, आमचं गाव १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, १ नोव्हेंबर १९७३ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि १ नोव्हेंबर २०१४ला गावाचंही सरकारी नाव बदलून बेळगावी झालं. आमच्या चरित्रातल्या तारखा सरकार एकाच दिवशी उरकतं. म्हणजे हे पुस्तक ऑगस्ट १९७२ ते ऑक्टोबर १९७३ या सव्वा वर्षात दुकानात आलेलं असणार, असा हिशेब कुणीही करेल. मी ते अण्णांना दाखवलं, निष्कर्ष न सांगता. अण्णांनी चष्मा वर केला. "शिक्का होय? तो मी ऐंशीपर्यंत वापरलोय की. नवा करायला पैसे कोण देतंय? सरकार देतंय?"

लायब्ररीच्या शिक्क्यात राज्य सात वर्षं जास्त टिकलं. हे पुराव्यांच्या बाबतीत आमच्या भागात नेहमीचंच. इथे प्रत्येक घरात एक फाइल असते. आजोबांच्या शाळेचा मराठी दाखला, जमिनीचा जुना मोडी फेरफार आणि नवा कन्नड उतारा, मतदारयादीची झेरॉक्स. १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९६७ साली सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. खानापूर, निपाणी, बेळगावात महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांचा आकडा शाळकरी पोरालाही पाठ असतो. पुरावा हा शब्द आम्ही दुधाबरोबर पितो. आणि तरी, किंवा म्हणूनच, आम्ही निकाल आधी ठरवून पुरावा मागून गोळा करण्यात तरबेज झालो आहोत. शिलालेख सापडला की त्यावर काय लिहिलंय हे वाचायच्या आधी तो कुणाच्या बाजूचा हे विचारलं जातं. दोन्हीकडून. मी मराठी आहे, माझी फाइलही जाड आहे, आणि मला माझी बाजू खरी वाटते. पण चौकशी करणाऱ्याने कुठे थांबावं हे मी आमच्या सभांमधून शिकलो नाही. ते मला पुस्तकांच्या एका इंग्रज व्यापाऱ्याकडे सापडलं.

कारण कार्टर आणि पोलार्ड यांनी वाइजवर आरोप केलाच नाही. चौकशीच्या त्या पुस्तकात वाइजचं नाव जागोजागी येतं. या पुस्तिका कुणाच्या हातून बाजारात आल्या, कुणाच्या सूच्यांनी त्यांना अभय दिलं, विकणारा कारकून पूर्वी कुणाकडे होता, सगळं मांडलेलं आहे. 'याने केलं' एवढं एक वाक्य नाही. बदनामीच्या खटल्याची धास्ती त्यात होतीच, ते काही संत नव्हते. पण धास्तीपोटी लिहिलेलं पुस्तक पुळपुळीत होतं, हे तसं झालेलं नाही. जेवढं कागद सांगतो तेवढंच ते म्हणतात, आणि त्यापुढची जागा मोकळी ठेवतात.

ती मोकळी जागा कामाला आली. वाइजने १९३४ सालीच वर्तमानपत्री पत्रातून खुलासा केला की या पुस्तिका आपल्याला हॅरी बक्स्टन फॉर्मनकडून मिळाल्या. फॉर्मन म्हणजे टपालखात्यातला मोठा अधिकारी, कीट्स आणि शेलीचा नावाजलेला संपादक, १९१७ सालीच वारलेला. म्हातारा मेलेल्या माणसावर ढकलतोय, असं म्हणून लोक हसले. वाइज १९३७ला गेला. मग १९४५ साली अमेरिकेतल्या एका संग्रहातला एक जुना कागद छापला गेला. त्यावर वाइज आणि फॉर्मन यांची समासातली लेखी वादावादी होती, आणि तीत फॉर्मन स्पष्टच लिहितो की आपण १८९६ला छापतो आणि लोकांना ते १८७१चं वाटावं अशी इच्छा धरतो. फॉर्मन भागीदार होता. वाइज खोटारडा होता, आणि निदान फॉर्मनच्या सहभागाबद्दल त्याने खरं सांगितलं होतं. १९३४ साली 'वाइजनेच, एकट्याने' असं ठोकून दिलं असतं तर टाळ्या जास्त मिळाल्या असत्या आणि पुस्तक अर्धं चुकलं असतं. दोघांच्या कारभाराचा पुरता हिशेब निकोलस बार्कर आणि जॉन कॉलिन्स यांनी १९८३ साली छापला. कार्टर १९७५ला गेला होता, पोलार्ड १९७६ला.

आपल्याकडे असा माणूस शोधायचा तर मला सुकुमार सेन आठवतात. भाषाशास्त्रज्ञ, बंगाली वाङ्मयाच्या इतिहासाचे खंड लिहिणारे, दबदब्याचे विद्वान. त्यांनी उतारवयात गुन्हेकथेच्या इतिहासावर बंगालीत एक आख्खं पुस्तक लिहिलं, आणि स्वतःही हेरकथा लिहिल्या, ज्यात हेर आहे साक्षात कवी कालिदास. ज्या माणसाने आयुष्यभर शब्दांच्या व्युत्पत्त्या शोधल्या, त्याला हेराची ओढ लागणं मला अगदी साहजिक वाटतं. व्युत्पत्तीतही मूळ गुन्हा कधी कुणी पाहिलेला नसतो, मागे राहिलेल्या खुणांवरूनच चालायचं.

वाइजची एक भानगड मात्र कार्टर-पोलार्डनाही तेव्हा माहीत नव्हती. त्याचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. पुढे डेव्हिड फॉक्सन नावाचा अभ्यासक जुन्या नाटकांच्या प्रती तपासू लागला, तर म्युझियमच्या स्वतःच्या प्रतींमधली पानं गायब. ती पानं वाइजच्या प्रतींमध्ये बसवलेली सापडली. आपली अपुरी पुस्तकं पुरी करायला याने म्युझियममध्ये बसून पानं उडवली होती, आणि म्युझियमने स्वतःचीच पानं पैसे मोजून परत घेतली. फॉक्सनने हे १९५९ साली प्रसिद्ध केलं.

ही गोष्ट मी अण्णांना सांगितली. वाटलं, हसतील. ते ऐकता ऐकता गंभीर झाले.

"पानं चिकटवली कशानं?"

"ते नाही माहीत, अण्णा."

"मग काय वाचूलालास एवढं? खळ बघितली की कळतंय लगेच. जुन्या पानाला नवी खळ पिवळी कड सोडतीय." थोडा वेळ थांबून म्हणाले, "आणि रजिस्टर नव्हतं काय तिथं? पुस्तक परत घेताना पानं मोजायची नाहीत? माझ्याकडं एक पान कमी आलं तर मी डिपॉझिट कापून घेत होतो. मामलेदाराच्या बायकोचंसुद्धा कापलंय."